कोऱ्या कागदावर मॉसची सही

एप्रिलच्या शेवटी इथल्या बांधांवरची काटेरी झुडपं पिवळीधमक होतात आणि त्यांना चक्क ओल्या खोबऱ्याचा वास येतो. ट्रली या आयरिश गावात राहायला आलो त्या वर्षी हे मला कुणी सांगितलं नव्हतं. रस्त्यानं चालताना थबकलो होतो आणि कुठल्या घरात नारळ खवताहेत म्हणून इकडेतिकडे बघत राहिलो होतो. यंदा, म्हणजे २०२१ च्या एप्रिलात, तोच वास उघड्या काचेतून आत आला तेव्हा मी गाडी बाजूला घेतली, उतरलो, आणि नाक त्या फुलांत खुपसलं. काटे गालाला टोचले. वास खरा होता. सात महिने माझ्या नाकाला धड काही कळत नव्हतं. कॉफीला जळक्या रबराचा वास यायचा, साबणाला कशाचाच नाही. आता सगळं ठीक झालं होतं, आणि मनात पहिली आली ती भीती. आजारी माणसाची सवलत संपली, असं वाटलं.

त्याच संध्याकाळी क्लबच्या ग्रुपवर निरोप आला. सोमवारपासून मुलींच्या फुटबॉलचा सराव सुरू, पंधरा-पंधराच्या गटांत, प्रत्येकीनं आपली पाण्याची बाटली आणावी. खाली अंगठे, बदाम, फुगवलेले दंड. निरोपाच्या शेवटी नव्या प्रशिक्षकाचं नाव होतं. माझी मुलगी सई, वय पंधरा, तिनं निरोप वाचला आणि फोन टेबलावर पालथा घातला.

"सोमवारी सोडू का गं तुला?"

"मी नाही जाणार."

"का?"

"नको. बस."

सई इंग्रजीतच बोलते, तेही केरीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या हेलात. मी इथे मराठीत उतरवतोय एवढंच. तिचे बूट गॅरेजमध्ये मागच्या सप्टेंबरचा चिखल घेऊन तसेच पडले होते. चिखल वाळून पांढरा झाला होता. बायकोनं, मेधानं, माझ्याकडे बघितलं आणि खांदे उडवले. तिला वाटलं, वय आहे. मला तसं वाटलं नाही, पण मी गप्प बसलो. गप्प बसण्यात मी मुळापासून तरबेज आहे.

इथे पाऊस ऋतू सांगत नाही, तो बाराही महिने हजर असतो. ऋतू सांगतं ते मैदान. गवत कापल्याचा हिरवा दर्प, चुन्याच्या ताज्या रेघा, नऊ वाजेपर्यंत रेंगाळणारा उजेड, आणि स्लीव्ह मिशच्या डोंगरावरून ढग उतरत असताना मुलींच्या ओरडण्याचे तुकडे. अकरा वर्षं मी ते सगळं कुंपणाच्या कडेला उभा राहून ऐकलं. अकरा वर्षांतलं माझं तिथलं एकूण संभाषण म्हणजे, संध्याकाळ छान आहे, हो छान आहे, कसा आहेस, ग्रँड, म्हणजे मजेत. कुणी वाईट वागलं नाही. फक्त बाकीचे बाप एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभे असत आणि मी त्यांच्यापासून एक माणूस मावेल एवढ्या अंतरावर. मग २०२० साल आलं आणि सगळेच तसे उभे राहायला लागले.

त्या वसंतात मैदानाला कुलूप होतं. गवत गुडघाभर वाढलं आणि गोलखांबांवर कावळे बसले. जुलैत कुलूप उघडलं तेव्हा नियमांचा एक गठ्ठा आला. फाटकापाशी टेबल, जंतुनाशकाची बाटली, थर्मामीटर, आणि प्रत्येक सरावाआधी भरायचा तक्ता. मुलीचं नाव, ताप आहे का, खोकला आहे का, घरात कुणाला काही लक्षण आहे का. खाली दोन सह्या, तपासणाऱ्याची आणि प्रशिक्षकाची. हे काम करायला कोणी तयार होईना. तेव्हा मुलींचा प्रशिक्षक मॉस म्हणाला, "नितीनला विचारा की. तो कारखान्यात दिवसभर कागदच तपासतो."

ते खरं होतं. गावाच्या टोकाला आमचा कारखाना आहे, हृदयाच्या रक्तवाहिन्यांत घालायच्या बारीक नळ्या तिथे बनतात, आणि मी गुणवत्ता विभागात. आमच्याकडे कागदावर चौकट कोरी ठेवायची नाही. लागू नसेल तिथे आडवी रेघ, सही, तारीख. खोडायचं नाही, पांढरा रंग लावायचा नाही. आधीच भरून ठेवलेला कागद हा तर सगळ्यांत मोठा गुन्हा. तापमानाचे आकडे सकाळीच दिवसभराचे लिहून टाकणाऱ्या एका ऑपरेटरला मी स्वतः लेखी समज दिली होती. त्याचा चेहरा मला आठवतो. आठवायला नको तितका आठवतो.

पण जुलैत तो पुठ्ठ्याचा क्लिपबोर्ड हातात आला आणि मी वेगळाच माणूस झालो. येणारी प्रत्येक आई, प्रत्येक बाप माझ्यापाशी थांबायचा. "आमच्याकडे सगळं ठीक आहे रे नितीन, टाक तू नाही म्हणून." लोक माझं नाव घेत होते. अकरा वर्षांत पहिल्यांदा फाटकापाशी माझी एक जागा होती.

मॉसबद्दल सांगायला हवं. चाळिशी उलटलेला, खांदे रुंद, उजवा गुडघा चालताना किंचित बाहेर फेकणारा. एकोणिसाव्या वर्षी इथल्याच शेजारच्या गावातून तो मेलबर्नला गेला होता. इथल्या फुटबॉलमध्ये चेंडू हातानं झेलतात आणि पायानं मारतात. आमच्या केरीतल्या मुलांची चेंडू झेलण्याची आणि मारण्याची हातोटी बघून तिकडचे क्लब त्यांना उचलून नेतात, व्यावसायिक खेळाडू म्हणून. खेळ मात्र वेगळा. क्रिकेटच्याच अंडाकृती मैदानांवर हिवाळ्यात खेळतात, अठरा-अठरा जण, आणि चेंडू छोट्या पपईसारखा लांबट. मॉसच्या गाडीत तसे दोन चेंडू कायम असायचे. सरावाची शेवटची दहा मिनिटं तो मुलींना त्यांच्याशीच खेळायला लावायचा.

"गोल चेंडू आपटला की कुठे जाणार ते तुम्हाला माहीत असतं. हा सांगत नाही. म्हणून पाय आधी हलू द्या, विचार नंतर."

चेंडू आपटायचा आणि भलतीकडेच उडायचा. एकदा कुंपणापलीकडच्या गायींत गेला. ईफा म्हणून सईची मैत्रीण आहे, जिभेला हाड नसलेली. ती ओरडली, "मॉस, ह्याला डॉक्टरकडे ने, चपटा झालाय बिचारा!"

"तो ठणठणीत आहे गं. तुझी किक बघून त्यानं अंग चोरलंय."

तिकडचं तो सलग कधी सांगायचा नाही. तुकडे यायचे. पहिला अख्खा हिवाळा त्यानं एकट्यानं चेंडू हातातून पायावर सोडायला शिकण्यात घालवला, कारण लांबट चेंडू जरा तिरका सुटला तर पाय काय करणार. रविवारी आईला फोन करून ग्रँड म्हणायचं आणि फोन ठेवल्यावर खोलीतल्या खोलीत चेंडू सोडत बसायचं. खालच्या मजल्यावरची बाई छताला झाडू ठोकायची. मग राखीव बाकावर. मग एके दिवशी मैदानात, आणि तो आवाज. "पाऊस पत्र्यावर पडतो ना, तसा," म्हणाला, "पण वरून नाही, चहूबाजूंनी." सात वर्षं तो खेळला. नंतर तिकडेच मुलांच्या संघाला शिकवलं, आणि वडील आजारी पडले तेव्हा घरी आला. आमच्या मुलींच्या सोळा वर्षांखालच्या संघाला शिकवू लागला. त्या उन्हाळ्यात सगळ्यांना माहीत होतं की पुढच्या वर्षी जिल्ह्याचा मुलींचा संघ त्याच्याकडे जाणार. तो स्वतः त्याबद्दल बोलत नसे, पण विषय निघाला की कानापर्यंत लाल व्हायचा.

कोऱ्या कागदांवर आधीच सह्या घेण्याची कल्पना माझी. हे मी सात महिने कुणाला सांगितलं नाही, म्हणून इथे सरळ लिहितो. माझी. प्रत्येक सरावाला मॉस मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाकडून सहीसाठी लंगडत यायचा, मुली खोळंबायच्या. मीच म्हणालो, "तू दहा-बारा तक्त्यांवर एकदम सही करून ठेव. बाकी मी बघतो." कारखान्यात मी ज्याला गुन्हा म्हणतो तेच. पण हे काही हृदयात जाणार नव्हतं, असं मी मनाशी म्हणालो.

मॉसनं माझ्या गाडीच्या बॉनेटवर गठ्ठा ठेवला आणि सह्या करायला लागला. मध्येच थांबला.

"तुला एक सांगू? तिकडे हंगामाच्या सुरुवातीला आम्हाला संगणकासमोर बसवायचे. पत्ते दिसायचे, लक्षात ठेवायचे, बटण दाबायचं. पुढे डोक्याला मार लागला की पुन्हा तीच परीक्षा, आणि आधीच्या गुणांशी ताडून बघायचे, मेंदू ठिकाणावर आहे का. मग आम्ही शहाणे काय करायचो? सुरुवातीलाच मठ्ठपणा. बटण उशिरा दाबायचं, मुद्दाम चुकायचं. म्हणजे नंतर डोकं फुटलं तरी कागदावर फरक दिसत नाही."

"मग?"

"मग काय, कागदावर माझं डोकं चार वर्षं उत्तम होतं. एक दिवस सिग्नलला गाडी थांबवली आणि घर डावीकडे की उजवीकडे ते आठवेना. मागचे हॉर्न वाजवतायत. मी तिथे बसून रडलो रे." त्यानं पुढच्या कागदावर सही केली. "डॉक्टरचं काही चुकलं नव्हतं. त्यानं माझ्या कागदावर विश्वास ठेवला. म्हणून मला इथे तुझ्यासारखा माणूस हवा होता. तू खोटी टिक करणार नाहीस."

मी हसलो. मला ते फार आवडलं होतं, त्याचं ते वाक्य. घरी जाऊन मेधाला सांगितलंही.

सप्टेंबरातल्या एका रविवारी उपांत्य सामना होता. सामन्याच्या दिवशी सई पोहे खाऊन जायची, हा तिचा नेम, आणि पोहे मी करायचो. तेल तापलं, मोहरी तडतडली, हिंग टाकला. काहीच नाही. मी डबी नाकाशी नेली. पुन्हा नेली. इथे भिंतीतल्या कपाटाला प्रेस म्हणतात आणि आता आम्हीही तेच म्हणतो. तर प्रेस उघडून कॉफीची बरणी काढली, ती हुंगली. मेधाचा बाम काढून बोटाला लावला आणि नाकाखाली धरला. डोळ्यांतून पाणी आलं, वास आला नाही. आदल्या दिवसापासून डोकं जड होतंच. कारखान्यात पलीकडच्या विभागातला एक जण चार दिवसांपासून घरी होता. मला ताबडतोब कळलं. पुढे मी कुणालाही काहीही सांगितलं असलं तरी मला त्या क्षणी कळलं होतं.

सई केस बांधत स्वयंपाकघरात आली. "बाबा, काहीतरी जळतंय."

मी खाली बघितलं. मोहरी काळी ठिक्कर पडली होती, धूर छतापर्यंत गेला होता. "हो, हो," म्हणालो आणि कढई सिंकमध्ये ठेवली.

कारणं सांगतो, कारणं म्हणून, सबब म्हणून नाही. सई त्या दिवशी पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळणार होती. इतकी वर्षं ती शेवटची दहा मिनिटं मैदानात जायची, आणि परतताना गाडीत खिडकीबाहेर बघत बसायची. मी खरं सांगितलं असतं तर ती घरी राहिली असती, आणि गुरुवारच्या सरावात तिच्याबरोबर होत्या त्या सगळ्या मुलीही. सामनाच गेला असता. आणि दुसरं. त्या उन्हाळ्यात इथे कारखान्यांत साथ पसरली की लोक एक विशिष्ट सुरात म्हणायचे, तिथे बाहेरचे लोक बरेच आहेत ना. आमच्यासमोर कुणी म्हणत नसे, पण आवाज खाली आला की कळतं. मला ते घर व्हायचं नव्हतं. फाटकापाशी मिळालेली ती एवढीशी जागा मला घालवायची नव्हती.

म्हणून मी फाटकापाशी गेलो, दोन मास्क लावून. टेबल मांडलं. मॉसची सही आधीच असलेला तक्ता काढला आणि एकेक नाव भरत गेलो. आमच्या ओळीशी आलो तेव्हा पेन थांबलं नाही. नाही, नाही, नाही. अक्षर नेहमीसारखं वळणदार.

सामना मला दोन प्रकारे आठवतो. डोळ्यांना आठवतो तो सुंदर आहे. बारीक भुरभुर, समुद्राकडून वारा, ओल्या चेंडूचा थपथप आवाज. शेवटच्या मिनिटाला एका गुणानं मागे असताना सई हवेत उठली, दोन मुलींच्या डोक्यांवरून चेंडू काढला, आणि वळून एका दमात मारला. तो खांबांमधून गोलात गेला, म्हणजे तीन गुण आणि सामना आमचा. मुली एकमेकींवर कोसळल्या, ईफा सईच्या गळ्याला लटकली, दोघी चिखलात पडल्या. आणि पोटाला आठवतो तो वेगळा. कुंपण घट्ट धरून मी मोजत होतो, कोण तिच्या किती जवळ आहे. मिठ्या मोजत होतो. मैदानाच्या पलीकडून मॉसनं मला बघून दोन्ही मुठी वर केल्या. मीही क्लिपबोर्ड वर केला.

सोमवारी सकाळी मी डॉक्टरांना फोन केला. "वास कधी गेला?" त्यांनी विचारलं.

"आज सकाळी."

एका दिवसाचा फरक. माझा कोविडचा अहवाल पॉझिटिव्ह आला, मग सईचा. तिला साधी शिंकही नव्हती. मग संघातल्या आणखी पाच मुली, त्यात ईफा. मग ईफाच्या घरात राहणारी तिची आजी, ब्रीडा. ती तीन आठवडे इथल्या रुग्णालयात होती, आणि त्यातला एक आठवडा असा होता की ईफाच्या घरापुढे रोज कुणी ना कुणी येऊन नुसतं उभं राहायचं. ती वाचली. घरी आली तेव्हा प्राणवायूचं यंत्र बरोबर आलं. शाळा उघडल्याच होत्या, तिथूनही विषाणू आला असेल, हे वाक्य मी तो सगळा हिवाळा बाळगलं. ते खोटं आहे असं आजही कुणी सिद्ध करू शकणार नाही. मला सिद्ध करून नको आहे.

कमिटीनं सगळे तक्ते मागवले. गुरुवारच्या सरावाच्या तक्त्यावर मॉसची सही होती, आणि गुरुवारी मॉस सरावाला नव्हताच. लांब ल्यूकन गावी बहिणीकडे गेला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. व्हिडिओ कॉलवर बैठक झाली, तपासणारा म्हणून मीही होतो; माझी सही रोज हजर राहून केलेली, तिच्याबद्दल कुणी विचारलं नाही. अध्यक्ष पॅट, चांगला माणूस, घसा खाकरत म्हणाला, "मॉस, ही सही तू न बघताच केलीस असं दिसतंय."

"हो."

"मग बाकीच्याही?"

"हो."

"म्हणजे तपासणी अशी झालीच नाही म्हणायची."

मॉसनं कुणाचं नाव घेतलं नाही. "सही माझी आहे," म्हणाला. "जबाबदारी माझी."

पडद्यावर आम्ही बारा चौकटी होतो. माझा माइक बंद होता, त्यावर लाल काट. ते बटण दाबायला एक बोट लागतं. मी त्या लाल खुणेकडे बघत राहिलो, आणि बैठक संपली. संघ मॉसकडून काढून घेतला. जिल्ह्याच्या संघाचा विषय परत निघाला नाही. दुसऱ्याच कुणाला दिला असं नाताळाच्या सुमारास ऐकलं.

हिवाळ्यात पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी होती, आणि मॉस काम करतो ते इमारती लाकडाचं आवार आमच्यापासून दोनवर. एक फळी हवी होती ती मी आणली नाही, प्रेसचा मोडका खण तसाच लोंबकळत ठेवला. एकदा सिग्नलला तो समोरच्या गाडीत दिसला. हिरवा झाला तरी त्याची गाडी हलेना, आणि मला त्याची ती मेलबर्नची गोष्ट आठवली. मग तो गेला. मेधानं ब्रीडासाठी चकल्या केल्या. सई डबा घेऊन जायला नाही म्हणाली. मी दारात ठेवून पळालो. ब्रीडाचा फोन आला, धापा टाकत, "तिखट आहेत रे तुमच्या, पण ग्रँड!" त्या रात्रीचं जेवण मला गेलं नाही. वास नव्हता म्हणून, असं मी मेधाला सांगितलं.

आणि आता हा एप्रिल. सोमवार आला, सराव सुरू झाला, सई गेली नाही. मंगळवारी दुपारी ती टेबलावर अभ्यासाला बसली होती, मी चहा टाकत होतो. मी पुन्हा विचारलं, जरा जोरात. "एवढा छान खेळ आहे तुझा. मॉस नाही म्हणून नाही जायचं का?"

तिनं पेन खाली ठेवलं. "मॉस का नाहीये, बाबा?"

मी चहात साखर टाकली.

"त्या दिवशी घर धुरानं भरलं होतं आणि तुला जळल्याचा वास आला नाही. मला कळलं. तेव्हाच. मी बोलले नाही कारण मला खेळायचं होतं."

"सई..."

"मग तू सोमवार म्हणालास. नर्सचा फोन आला तेव्हा तिनं मलाही विचारलं. घरात कुणाला त्याआधी काही होत होतं का? मी नाही म्हटलं. तू जे म्हणालास तेच मला म्हणावं लागलं. ईफा माझ्याशेजारी बसते शाळेत. ती मॉसला शिव्या घालते, आणि मी ऐकते."

चहा उतू गेला. सात महिने माझी अशी समजूत होती की हे ओझं एकट्याचं आहे, मी ते घराबाहेर ठेवलंय. माझ्या चौदा वर्षांच्या मुलीनं माझ्या तारखेखाली आपली सही केली होती आणि मला पत्ताच नव्हता. मेधाला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, मग उठून दोरीवरचे कपडे काढायला गेली आणि बराच वेळ आली नाही.

शनिवारी सकाळी मी लाकडाच्या आवारात गेलो. मॉस एका ट्रेलरमध्ये तुळया भरत होता. मी मास्क लावून दोन पावलांवर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, न थांबता, फडताळातली भांडी पडावीत तसं. वास रविवारी गेला. मला माहीत होतं. कोऱ्या सह्यांची कल्पना माझी होती हे मी बैठकीत बोलायला हवं होतं.

त्यानं हातातली तुळई खाली ठेवली.

"सह्यांचं मला माहीत होतंच," म्हणाला. "ते माझंही आहे. मी करायला नको होत्या. मी वाट बघत होतो, तू त्या बैठकीत तोंड उघडशील म्हणून. नाही उघडलंस, म्हटलं, घाबरला असेल. पण रविवारचं..." त्यानं मान हलवली. "मी तुला काय सांगितलं होतं रे गाडीपाशी? ती गोष्ट मी माझ्या भावाला नाही सांगितलेली."

"मला माफ..."

"थांब. हलकं व्हायला आला असशील तर मी त्या कामाचा नाही. ब्रीडाला सांगितलंस?"

"नाही."

"मग उलटीकडून सुरुवात केलीस." त्यानं तुळईकडे बोट केलं. "ते टोक धर."

मी धरलं. आम्ही तो ट्रेलर भरला. नंतर तो पावती करायला आत गेला आणि परत आला नाही.

ब्रीडा दाराशी खुर्ची टाकून उन्हात बसली होती. नळी आता नव्हती, पण बोलताना अजून मधे थांबत होती. मी फाटकाबाहेरूनच बोललो. तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकलं. "बायकोला माहीत आहे?" एवढंच विचारलं. हो म्हणालो. मग ती म्हणाली, "मॉसची आई आणि मी एका बाकावर शिकलो. सात महिने मी तिचा फोन उचललेला नाही. कळतंय का तुला, मी काय सांगतेय?"

"हो."

"जा आता," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं.

बुधवारी संध्याकाळी कमिटीची बैठक होती, अजूनही व्हिडिओवरच. मी पॅटला कळवून वेळ मागून घेतली होती. बाहेर लख्ख ऊन होतं, मैदानावरचा मुलींचा गलका आमच्या खिडकीतून ऐकू येत होता. सई माझ्या मागे दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मी तिला जा म्हणालो नाही, ये म्हणालो नाही. माइक सुरू केला आणि जे होतं ते सांगितलं. तिचं नाव मी घेतलं नाही, ते तिचं आहे, तिला हवं तेव्हा ती घेईल.

मग पॅट घसा खाकरून म्हणाला, "हे बघ नितीन, तू सांगितलंस हे मोठंच केलंस. पण आता सगळे बरे आहेत. नवं वर्ष, नवा हंगाम. उकरून काय मिळणार? आपण हे इथेच ठेवू या, काय?"

दोन-तीन माना हलल्या. किती सोपं होतं. ते मला वाचवायला तयार होते, इतक्या आपुलकीनं की क्षणभर मला त्यांच्यातलाच एक झाल्यासारखं वाटलं. मागे दाराची चौकट करकरली.

"नाही," मी म्हणालो. "मॉसचं इतिवृत्तात आहे. तपासणी झाली नाही, प्रशिक्षक दोषी, असं लिहिलंय. माझंही त्याच वहीत लिहा, आणि त्याची एक प्रत जिल्ह्याला पाठवा."

पॅटनं डोळे चोळले. मग चिटणीस बाईंना म्हणाला, "घे लिहून, मॉरीन."

मॉरीननं चष्मा लावला. कागद सरकवल्याचा आवाज आला. "सावकाश सांग हं, नितीन," ती म्हणाली. "लक्षण पहिल्यांदा कधी जाणवलं? दिवस?"

"रविवार," मी म्हणालो. "रविवारी सकाळी. सामन्याच्या आधी."

तिनं लिहून घेतलं.